घाव घालायच्या हत्याराला ५१६०च, बाकी सगळे लाड

वाकस

गेल्या पंधरवड्यात एक देखणं हत्यार माझ्या हातून मोडलं, म्हणून हे लिहितोय. डी-२ पोलादाचं जाड पातं, पाठ सहा मिलिमीटर, धार अशी की हातावरचे केस उडावेत. वाळलेल्या कठीण फांदीवर दोन घाव सरळ बसले, तिसरा नेमका गाठीवर. आवाजच वेगळा आला. पातं उलटं करून पाहिलं तर धारेतून करंगळीच्या नखाएवढा अर्धचंद्र निखळलेला. भिंगातून मोडलेली जागा करडी, रवाळ दिसत होती.

त्याच गाठीवर मग माझा जुना ५१६०चा कोयता चालवला. हरली त्याचीही धार, पण वळून. उजेडात धरलं की धारेवर पांढरी चकचकीत रेघ दिसते ना, तेवढंच. बारीक कानशीचे चार हात, वरून निसणा, पाच मिनिटांत कोयता कामाला हजर. डी-२चा तो खड्डा घालवायला मात्र सबंध धार दोन मिलिमीटर मागे घासावी लागणार.

५१६० म्हणजे मूळचं गाड्यांच्या कमानपाट्याचं पोलाद, दणके खायलाच जन्मलेलं. कार्बन साधारण ०.६ टक्के, क्रोमियम ०.८च्या आसपास. कार्बन बेताचा असल्याने पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करताना, तो जवळजवळ सगळा पोलादात विरघळतो, कार्बाइडचे (कार्बन आणि धातू मिळून झालेले कठीण) खडे फारसे उरत नाहीत. भेग सुरू व्हायला निमित्तच कमी. डी-२त कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. ते डाय-पंचचं पोलाद आहे. त्याने पत्रा कापत बसावं, घाव घालायच्या फंदात पडू नये.

एकच पोलाद ठेवायचं म्हटलं तर मी ५१६० ठेवीन. खोडून काढा.

अर्धवट लोहार

खोडतो. अहो वाकसराव, आरोपीची चौकशी न करताच निकाल दिलात. धारेचा कोन किती होता? काठिण्य किती? पाणी कोणी दिलं होतं? आणि हातावरचे केस उडवणारी धार घाव घालायच्या हत्याराला कशाला हवी होती, ते आधी सांगा.

पोलादाचं नाव म्हणजे आडनाव. पोरगं कसं निघेल ते त्यावरून कळत नाही. मी सुरुवातीला १०९५ या साध्या कार्बन पोलादाच्या तीन सुऱ्या केल्या होत्या. १०९५ला घाई फार. भट्टीतून काढलं की सेकंदभरात साधारण ५५० अंशांच्या खाली उतरलं पाहिजे, नाहीतर कडक मार्टेन्साइटऐवजी मऊ पर्लाइट होतं. मी वापरलं जुनं इंजिन ऑइल, थंडगार आणि दाट. नंतर कानस फिरवून पाहिली. कडक पात्यावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरायला हवी, तर माझ्या तिन्ही सुऱ्यांवर मजेत चरत होती. मग काय म्हणायचं, १०९५ भिकार? चौथ्या सुरीला पोलाद तेच, तेल पातळ, तेही ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. कोमट तेल थंड तेलापेक्षा जलद गार करतं, हे ऐकून मलाही खरं वाटलं नव्हतं. ती सुरी आजही वापरात आहे.

५१६० तुम्हाला का आवडतं सांगू? कारण ते चुका पोटात घालतं. त्यातल्या क्रोमियम-मँगेनीजमुळे संथ तेलातही खोलवर कडक होतं. गुण आहेच, पण तो लोहाराच्या सोयीचा. धारेचा त्याच्याशी संबंध नाही.

वाकस

चौकशी मान्य. डी-२चा कोन दर बाजूला १८ अंश, काठिण्य करणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ६१ रॉकवेल (काठिण्याचं माप). कोयत्याचा कोन २२, काठिण्य ५७च्या आसपास. सामना बरोबरीचा नव्हता, कबूल.

पण सगळं पाण्यावर ढकलू नका. डी-२ नेहमीच्या पद्धतीने ओतलं की थिजताना त्यात क्रोमियम कार्बाइडचे मोठाले खडे होतात, वीस-तीस मायक्रॉनचेही, आणि लाटताना ते ओळीने पसरतात. पाणी कितीही निगुतीने द्या, ते खडे विरघळत नाहीत. केस उडवणाऱ्या धारेची कड एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. म्हणजे भिंत पातळ आणि तिच्यातले दगड भिंतीपेक्षा जाड. असली भिंत कुठलं पाणी तारणार?

गंजका खिळा

इतका वेळ भांडताय आणि गंज हा शब्द कोणी काढला नाही, म्हणून मधे पडतो.

माझ्याकडेही कार्बन पोलादाची एक लाडकी सुरी होती. होती. पावसात भिजलेल्या चामड्याच्या म्यानात चार दिवस राहिली. वरचा तांबूस थर पुसून निघाला, पण धारेलगत सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. नंतर प्रत्येक वेळी धार लावली की त्यातला एखादा खड्डा धारेवर येऊन तिथे करवतीसारखा दात पडायचा. वर्षभर हा खेळ केला, मग सोडून दिला.

१९१३मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी स्टेनलेस ओतलं. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी ‘स्टेनलेसला धार राहत नाही’ हे वाक्य काही गंजत नाही. मऊ ठेवलेल्या ४२० या स्टेनलेसबद्दल ते खरं आहे. एईबी-एल बघा. कार्बन ०.६७, क्रोमियम १३ टक्के, दाढीच्या पात्यांसाठी घडवलेलं पोलाद. कार्बाइड इतके बारीक की पातळ धारही तुटत नाही, आणि साठच्या वर रॉकवेल आरामात मिळतं. १४सी२८एन त्याचंच भावंड, त्यात थोडा नायट्रोजन घालून गंजाला आणखी आवरलंय.

आणि १२ टक्के क्रोमियम असून डी-२ला गंज का चढतो? उत्तर वाकस यांच्या खड्यांतच आहे. बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडतं. गंज अडवायला उपयोगी पडतं ते पोलादात विरघळलेलं क्रोमियम. कागदावरची टक्केवारी वाचून पोलाद निवडणारे इथेच फसतात.

अर्धवट लोहार

गंजके खिळेसाहेब, पोलाद चांगलंय, नाही म्हणत नाही. पण ते १०५० अंशांच्या वर न्यायचं, तिथे मोजून काही मिनिटं धरायचं, मग झटकन गार करायचं. लोहचुंबक चिकटेनासा झाला की ७७० अंश ओलांडले, मग आणखी थोडी आच, एवढ्यावर माझं ५१६० जमतं. तुमच्या पोलादाला तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी लागते. स्वतः घडवणाऱ्याचं आवडतं आणि विकत घेणाऱ्याचं आवडतं एकच असेल असं नाही.

व्हॅनेडियमवाला

सगळी मंडळी मागच्या शतकात अडकलेली दिसतात. वाकस म्हणतात ते खडे मोठे होतात कारण ओतीव पोलाद सावकाश थिजतं. पावडरच्या पद्धतीत वितळलेलं पोलाद वायूच्या झोताने फवारतात. थेंब क्षणात गोठतो, खड्याला वाढायला वेळच मिळत नाही. मग ती भुकटी तापवून, दाबून पुन्हा सलग करतात. असं केलेलं सीपीएम ३व्ही चिवटपणात ५१६०च्या पंगतीला बसतं आणि झिजेच्या बाबतीत त्याच्या कितीतरी पुढे जातं. पुन्हा वाकसरावांचाच घाव त्यांच्यावर: घाव घालायलाच ३व्ही घ्या.

गंजाची भीती असेल तर मॅग्नाकट हे पावडरचं स्टेनलेस. लॅरिन थॉमस यांनी आखलेलं, २०२१मध्ये आलं. क्रोमियम कार्बाइड होऊच द्यायचे नाहीत, व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कार्बाइड ठेवायचे, म्हणजे क्रोमियम गंज अडवायला मोकळं. आणि नुसतं कापायचंच असेल तर एस९०व्ही, ९ टक्के व्हॅनेडियम. पुठ्ठे कापत बसा, धार जायचं नाव घेत नाही.

निसणा

धार जात नाही ते ठीक, पण गेल्यावर येते का? मित्राची एस९०व्हीची सुरी मी माझ्या नेहमीच्या दगडावर अर्धा तास घासली. बर (घासताना कडेवर वळून येणारी पातळ पत्री) म्हणून उठेना. दगड चकचकीत झाला, सुरी जशीच्या तशी. कारण साधं आहे. दगडातलं ॲल्युमिनियम ऑक्साइड व्हॅनेडियम कार्बाइडपेक्षा मऊ पडतं. कार्बाइड कापले जात नाहीत, भोवतालचं पोलाद तेवढं खरवडलं जातं. शेवटी हिऱ्याची पट्टी आणली, मग दहा मिनिटांत काम झालं. तेव्हा व्हॅनेडियमचं कौतुक करताना ‘सोबत हिऱ्याची पट्टी’ असं लिहीत जा.

माझं आवडतं शिरोगामी, म्हणजे जपानी ‘पांढरा कागद’. पोलाद पांढरं नसतं, ते ज्या कागदात गुंडाळून येतं तो पांढरा. त्याच न्यायाने टंगस्टन-क्रोमियम घातलेलं ते आओगामी, निळा कागद. शिरोगामीत लोखंड आणि सुमारे एक टक्का कार्बन सोडला तर नाव घेण्यासारखं फारसं काही नाही, आणि मजा तीच. दगडावर पातं फिरवताना दोन बोटांना कळतं, कुठे कड भरली, कुठे अजून पोकळ आहे. बर उठते ती एकसलग, चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की गळून पडते. ६३ रॉकवेल आणि दर बाजूला १२ अंश ठेवूनही ती धार पातळ सुरीवर उभी राहते. गंजतं, मान्य. पुसून ठेवावं. वापरून पात्यावर निळसर-करडी झाक चढली की पुढे त्रास कमी होतो.

वाकसराव, तुमचं ‘एकच पोलाद’ इथे पडतं. ५१६०ची पातळ सुरी मी वापरलीय. सकाळी लावलेली धार संध्याकाळी मवाळ. कार्बाइडच नाहीत तर झीज अडवणार कोण?

नवा गडी

मधेच विचारतो, माफ करा. भंगारातला कमानपाटा आणून कोयता घडवला तर तो ५१६०च असेल ना?

अर्धवट लोहार

असेलच असं नाही. कमानपाट्याला सिलिकॉन-मँगेनीजची पोलादंही वापरतात, आणि पाट्यावर काही लिहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे लाखो हेलकावे खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. त्या घडताना दिसत नाहीत, कोयता गाठीवर आदळला की दिसतात. जमल्यास नवी पट्टी आण.

पाटाच वापरायचा असेल तर आधी बोटभर तुकडा काप. लोहचुंबक सोडेपर्यंत तापव, थोडा आणखी, तेलात बुडव. गार झाला की शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून हातोड्याने मोड. डोळ्यावर चष्मा हवाच, तुकडा उडतो. मोडलेली जागा करड्या मखमलीसारखी दिसली तर आच बरोबर होती. साखरेसारखी चमचमली तर जास्त तापवलंस, कण वाढले. अजिबात न मोडता वाकला तर कडकच झाला नाही. आणि कोयता झाल्यावर पाणी दिलेलं पातं तसंच वापरू नकोस. दोनशे अंशांच्या थोडं वर, तास-दोन तास, दोनदा शेकून घे.

वाकस

निसणा यांचं पातळ सुरीबद्दलचं म्हणणं मी घेतो. माझं शीर्षक मुळात घाव घालायच्या हत्याराबद्दल होतं, शेवटच्या ओळीत जीभ घसरली. ३व्हीबद्दल वाद नाही, पण ते मोडलं तर मी फक्त बघत बसणार. कोयता कामावर घेऊन जातो तिथे कानस खिशात मावते.

दरम्यान अर्धवट लोहारांच्या समाधानासाठी डी-२ची धार मागे घासली आणि कोन दर बाजूला २५ केला. दोन संध्याकाळी गेल्या. पातं गरम होऊ नये म्हणून दर चार फेऱ्यांना पाण्यात बुडवत होतो, कडेवर निळा रंग आला की पाणी उतरलंच. आज पुन्हा तीच फांदी, गाठीवर मोजून दहा घाव. अर्धचंद्र नाही. भिंगातून मात्र दोन बारीक दाते दिसतात.

अर्धवट लोहार

म्हणजे पोलाद तेच, पाणी तेच. बदलला फक्त कोन. अजून काय सांगू?

वाकस

दोन दाते मोजायचे नाहीत का?

अर्धवट लोहार

मोजा की. मग तुमच्या कोयत्याची वळलेली धारही मोजा. ती किती मिलिमीटर लांब होती ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

वाकस

बोटाच्या पेराएवढी. पण उडाली नव्हती! डी-२ आता पुठ्ठे कापायला काढलंय, व्हॅनेडियमवाल्यांनी हसू नये.