निवाऱ्याने घरच्या कुत्र्या-मांजरांची कामं अंगावर घ्यावीत का?

निरगुडी
आमच्या शहरात भटक्या जनावरांसाठी एका ट्रस्टचा निवारा आहे. गेल्या दिवाळीपासून त्यांनी घरच्या कुत्र्या-मांजरांसाठीही दार उघडलंय. सवलतीत नसबंदी, रेबीज आणि सेव्हन-इन-वनची (सात आजारांवरची एकत्र) लस, मालक दवाखान्यात असेल तर काही दिवस सांभाळ, हरवलेल्यांची नोंदवही. आणि सांभाळणं खरोखरच अशक्य झालं, तर जनावर कायमचं ठेवून घेणं. देणगीदारांच्या बैठकीत यावरून चांगलीच वादावादी झाली. एका गटाचं म्हणणं, आम्ही पैसे दिले ते रस्त्यावरच्या मुक्या जिवांसाठी, लोकांच्या लॅब्रॅडॉरसाठी नाही.

मला हा विरोध अजिबात पटत नाही. मी रविवारी तिथे मदतीला जाते. पिंजऱ्यातल्या कितीतरी कुत्र्यांच्या मानेवर पट्ट्याने केस झिजून पडलेली रेघ दिसते. काही तर पिंजऱ्यात घाण करत नाहीत, सकाळी दार उघडेपर्यंत कळ काढतात. ही सवय कुणीतरी घरात लावलेली आहे. म्हणजे आज ज्याला आपण भटका म्हणतो, तो काल कुणाचा तरी होता.

मांजरांचं तर विचारूच नका. चार-पाच महिन्यांची झाली की मांजर गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पिल्लं. नसबंदीचा खर्च झेपत नाही म्हणून राहिलेली एक घरची मांजर वर्षभरात किती पिल्लं मंडईच्या मागे पाठवते, ते मंडईतल्या भाजीवाल्यांना विचारा. ही नसबंदी आधी झाली, तर पुढचे पिंजरे लागतच नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस
मी त्याच बैठकीत विरोधात बोललो होतो, म्हणून इथेही लिहितो.

२०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत जबाबदारी स्पष्ट वाटून दिलेली आहे. पाळीव जनावराची नसबंदी, लस आणि जंतांचं औषध ही मालकाची जबाबदारी. रस्त्यावरच्यांची स्थानिक संस्थेची. मग मालकाचा भार देणगीदाराने का उचलायचा? ट्रकखाली कंबर मोडलेला एक कुत्रा महिनोन् महिने निवाऱ्यात पडून असतो, त्याला दिवसातून चार वेळा कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. त्याला कुणी मालक नाही. पैसा आधी तिथे गेला पाहिजे.

त्यात सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५चा आदेश. शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड, रेल्वे स्थानकं इथले कुत्रे उचलून निवाऱ्यातच ठेवायचे, परत सोडायचे नाहीत. जागा आधीच अपुरी. अशा वेळी 'आम्ही तुमचं जनावर ठेवून घेतो' अशी पाटी लावणं मला धोक्याचं वाटतं. बदली झाली, बाळ झालं, सोफा कुरतडला, की आणून सोडा! जनावर टाकून देणं १९६०च्या क्रूरता प्रतिबंध कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. कायद्याचा धाक असा. उरली आहे ती जनाची लाज. तीही तुम्ही काढून घेताय.

मनीमाऊ
हिशेबनीस, ज्याला टाकायचंय तो टाकतोच. फक्त रात्री टाकतो. निवाऱ्याच्या फाटकाला नायलॉनच्या दोरीने बांधून जातात. सकाळी येणाऱ्या मावशींना आधी गाठ कापायला कात्री शोधावी लागते, कारण रात्रभर ओढून ओढून ती मानेत रुतलेली असते.

तोच माणूस दिवसा, तोंड दाखवून आला तर सोबत माहिती येते. वय काय, लसी कुठल्या झाल्यात, कुणाला चावलाय का, लहान मुलांशी कसा वागतो. या माहितीवर त्याला नवं घर मिळतं. दोरीवाल्या कुत्र्याबद्दल काहीच ठाऊक नसतं, त्यामुळे तो वेगळ्या पिंजऱ्यात, सगळ्यांपासून लांब, आणि दत्तक जायला सगळ्यात शेवटी. लाजेचा उपयोग झालाच, तर एवढाच झाला.

पशुवैद्य_कोल्हापूर
माझा खासगी दवाखाना आहे, त्यामुळे माझं मत कुणाला स्वार्थी वाटेल. तरी एक धोका सांगतो, त्यावर इथे कुणी बोललेलं नाही.

निवाऱ्यात पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणू, असतोच. लस पूर्ण न झालेलं दोन महिन्यांचं पिल्लू तुम्ही 'स्वस्तात डोस' म्हणून तिथे नेलं, व्हरांड्यात खाली ठेवलं, त्याने फरशी चाटली, की आठवड्याभरात रक्ताचे जुलाब. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. फिनाईलने पुसून त्याचं काही होत नाही, ब्लीच लागतं. (आणि फिनाईल मांजरांना विषारी आहे, ते मांजरांच्या खोलीत वापरूच नये.) घरच्या जनावरांसाठी वेगळं दार, वेगळं टेबल, वेगळा कर्मचारी असेल तरच हे काम करावं. पाळणाघर तर त्याच आवारात नकोच.

दुसरं. लहान गावात नवा पशुवैद्य कुत्र्या-मांजरांवर जेमतेम तग धरतो. शेजारी ट्रस्ट निम्म्या दरात लस देऊ लागला, तर तो गाशा गुंडाळतो. मग रात्री दोनला पोट फुगलेला कुत्रा कुठे नेणार? निवारा तर संध्याकाळी बंद होतो. त्यापेक्षा ट्रस्टने गरजू मालकाला चिठ्ठी द्यावी, शस्त्रक्रिया आम्ही करू, ठरलेले पैसे ट्रस्टने द्यावेत.

लेस्टरकर
इथे ब्रिटनमध्ये पीडीएसए नावाची संस्था नेमकं हेच करते. मारिया डिकिन या बाईंनी १९१७ साली पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये, एका तळघरात, गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. आजही तिथे मुख्यतः सरकारी भत्त्यावर असलेल्यांनाच सवलत मिळते. बाकीचे खासगी व्हेटकडे जातात. त्यामुळे खासगी दवाखाने बुडाल्याचं इथे दिसत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये कुत्र्याला २०१६पासून आणि मांजराला २०२४पासून मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखक्रमांकाची बारीक चिप) सक्तीची आहे. फाटकाला बांधलेल्या कुत्र्याचा मालक कोण, हे चिपवरून बहुतेक वेळा शोधता येतं.

हिशेबनीस
लेस्टरकर, उत्पन्न बघून सवलत असेल तर माझा विरोध निम्मा होतो. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवा, नसबंदी करून घ्या. पण ठेवून घेण्याला माझा विरोध कायम आहे. तुमच्याकडे चिप आहे, आमच्याकडे महापालिकेचा कुत्र्याचा परवानासुद्धा किती जण काढतात?

गोंयकार
लशीला तरी रेशनकार्ड लावू नका, ही विनंती. गोव्यात २०१४पासून मिशन रेबीज या संस्थेची मोहीम राज्य सरकारच्या साथीने चालली. घराघरांत जाऊन अंगणातल्या कुत्र्याला लस, आणि नाक्यावरच्याला जाळीत धरून लस. दोघांना एकाच फेरीत. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. आमच्याकडे अर्धे कुत्रे असेही दिवसा गावचे आणि रात्री घरचे. मालकाचा वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा असा हिशेब करत बसलो असतो, तर निम्मे सुटले असते.

सदाशिव_पेठी
तात्पुरत्या सांभाळाबद्दल कुणीच बोलत नाहीये. आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात, मुलगा बंगळूरला. अँजिओग्राफी करायची होती आणि त्या पुढे ढकलत होत्या, का, तर "ब्राउनीला कुठे ठेवू?" खासगी बोर्डिंगचा रोजचा दर त्यांच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. शेवटी खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्री ठेवून घेतली आणि आजी दाखल झाल्या. प्रत्येकाला असा खालचा मजला मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय हवीच, कुणी काहीही म्हणो.

निरगुडी
डॉक्टर, वेगळ्या दाराचं तुमचं म्हणणं मी ट्रस्टपुढे ठेवणार आहे. चिठ्ठीची कल्पनाही चांगली आहे, पण गावात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर असतील तिथेच ती चालेल. एकाच आवारात दोन्ही कामं होऊच शकत नाहीत असं मात्र मला वाटत नाही. परळचं बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, तिथे मालकांची जनावरंही येतात आणि बेवारसही.

ठेवून घेण्याबद्दल मी मागे हटणार नाही, पण ते कसं चालतं ते सांगते. आधी वेळ घ्यावी लागते. लसीचं कार्ड आणावं लागतं. मग निवाऱ्यातले ताई-दादा विचारतात, नेमकी अडचण काय? घरमालक नको म्हणतो? कुत्रा एकटा ठेवला की भुंकतो? खाज-खरूज झालीय आणि औषध परवडत नाही? औषध दिल्यावर परत घेऊन गेलेले लोक मी पाहिलेत. तरीही द्यायचंच असेल, तर फोटो लावून नवं घर शोधेपर्यंत मालकानेच घरी सांभाळायचं. पिंजरा अगदी शेवटी, मालक वारला किंवा घर गेलं, अशा वेळी. हिशेबनीस, त्या जनावराला तुम्ही कुठे पाठवाल?

हिशेबनीस
मालक वारला असेल तर प्रश्नच नाही, घ्यायलाच हवं. पण 'अडचण' हा शब्द लोक रबरासारखा ताणतात, आणि समोर रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं तुमच्या ताई-दादांना जमत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी मागणी एवढीच. पुढच्या बैठकीत दोन खाती वेगळी करा, बेवारसांचं वेगळं आणि मालकांच्या जनावरांचं वेगळं, आणि पावतीवर खात्याचं नाव छापा. लस आणि नसबंदीच्या खात्यात मी पैसे देईन. ठेवून घेण्याच्या खात्यात देणार नाही.