मदत हवी आहे : गांजायुक्त पदार्थ खाल्ल्यावर त्याचा अंश चाचणीत किती दिवस दिसतो?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावासाठी ही माहिती हवी आहे. गांजायुक्त खाद्यपदार्थांची विक्री कायदेशीर आहे अशा एका ठिकाणी तो मित्रांबरोबर गेला होता आणि तिथे त्याने तसल्या चॉकलेटचा एक तुकडा खाल्ला. एका तुकड्यात 10 मिलिग्रॅम टीएचसी, म्हणजे गांजातील नशा आणणारा घटक, असल्याचे वेष्टनावर छापलेले होते. पाऊण तास उलटूनही काहीच जाणवेना, तेव्हा ‘यात काही दम नाही’ म्हणत त्याने दुसरा तुकडाही तोंडात टाकला आणि मग दोन्ही तुकड्यांनी एकदमच काम सुरू केले. ती रात्र कशी गेली हा या धाग्याचा विषय नाही. नव्या नोकरीवर रुजू होण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी व्हायची आहे, तीत मादक पदार्थांसाठी लघवीची चाचणी असेल असे नेमणूकपत्रात लिहिले आहे आणि तपासणीची तारीख अद्याप कळलेली नाही. त्याआधी त्याने गांजा कोणत्याही रूपात घेतलेला नव्हता.

शोधाशोध केली तर कुठे 3 दिवस, कुठे 10, कुठे 30 आणि कुठे चक्क 90 दिवस असे लिहिलेले सापडते. या आकड्यांचा मेळ कसा घालायचा? धूर ओढण्यापेक्षा खाल्लेला गांजा शरीरात जास्त काळ राहतो असेही वाचले. त्यात तथ्य आहे का? चाचणी चुकवण्याचे उपाय मला नको आहेत, ते भावाच्या मित्रांनी पोतेभर दिलेले आहेत. शरीरात नेमके काय घडते ते जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद – काचपट्टी

मी प्रयोगशाळेत काम करते. आपल्याला सापडलेले आकडे बहुतेक खरेच आहेत, मात्र ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एकदाच सेवन करणाऱ्याच्या लघवीत अंश साधारण 3 दिवस सापडतो. आठवड्यातून काही वेळा घेणाऱ्याच्या बाबतीत 5 ते 7 दिवस, रोज घेणाऱ्याच्या बाबतीत 10 ते 15 दिवस आणि वर्षानुवर्षे भरपूर घेणाऱ्याच्या बाबतीत महिना किंवा त्याहूनही अधिक काळ. 90 दिवसांचा आकडा लघवीचा नाहीच, तो केसांचा आहे. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूलगतचा चारेक सेंटिमीटरचा तुकडा तपासला की साधारण तीन महिन्यांचा इतिहास हाती येतो. एकदाच खाल्लेल्या माणसाच्या केसांत मात्र बहुधा काही सापडत नाही.

आता खाण्याविषयी. धुरातून आलेले टीएचसी फुप्फुसांतून काही मिनिटांत रक्तात उतरते. खाल्लेले टीएचसी आतड्यांतून आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराचसा भाग रक्ताभिसरणात पोहोचण्यापूर्वीच रूपांतरित होतो. पहिले रूपांतर होते ते 11-हायड्रॉक्सी-टीएचसी. हे स्वतःच नशा आणणारे आहे आणि खाल्ल्यावरचा अंमल ओढल्यापेक्षा वेगळा व लांब वाटतो तो मुख्यतः यामुळे. अंमल चढायला अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो आणि तो शिगेला पोहोचतो दोन ते चार तासांनी. आपल्या भावाने पाऊण तासात निष्कर्ष काढला आणि पुष्कळ जण अगदी असेच फसतात.

दुसरे रूपांतर टीएचसी-कार्बॉक्सी आम्लाचे. याने नशा येत नाही, पण लघवीच्या चाचणीत शोधतात ते हेच. म्हणून लघवीची चाचणी ‘हा माणूस आत्ता अमलाखाली आहे का’ हे सांगूच शकत नाही. ‘मागे कधीतरी टीएचसी शरीरात गेले होते’ एवढेच ती सांगते. टीएचसी चरबीत विरघळते. ते मेदपेशींत साठते आणि तिथून पाझरणाऱ्या टाकीसारखे थोडे थोडे रक्तात परतत राहते. रोज घेणाऱ्याची टाकी भरलेली असते, एकदाच घेणाऱ्याच्या तळाशी जेमतेम थेंब असतात. 3 दिवस आणि 30 दिवस यांतला फरक मुख्यतः एवढाच आहे.

लघवीपुरते बोलायचे तर खाणे आणि ओढणे यांत दिवसांचा फरक लोक समजतात तितका मोठा नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच स्वयंसेवकांना गांजा घातलेल्या ब्राउनी खायला दिल्या होत्या आणि त्यांच्या लघवीत 3 ते 14 दिवस अंश सापडत राहिला. ते स्वयंसेवक पूर्वी मध्यम प्रमाणात गांजा घेतलेले होते, हे लक्षात ठेवून तो वरचा आकडा वाचावा.

प्रतिसाद – दुर्बीण

काचपट्टी यांच्या उत्तरात एक भर घालतो. ‘सापडतो’ याचा अर्थ ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडतो. अनेक ठिकाणी नोकरीपूर्व चाचणीत प्राथमिक मर्यादा एका मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम असते आणि तीत नमुना सकारात्मक आला की मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ नेमका ओळखण्याच्या पद्धतीने) होणाऱ्या खात्रीच्या चाचणीत 15 नॅनोग्रॅम. प्राथमिक मर्यादा 20 ची असेल, तर तोच माणूस काही दिवस अधिक ‘सकारात्मक’ राहील. मर्यादा न सांगता छापलेला दिवसांचा आकडा मी तरी गंभीरपणे घेत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरतात. भाऊ अंगाने स्थूल आहे, त्याने फरक पडेल का? आणि मित्रांच्या सांगण्यावरून तो सध्या सकाळपासून तांब्यावर तांब्या पाणी पीत सुटला आहे, त्याचे काय?

प्रतिसाद – काचपट्टी

शरीरातील चरबीने थोडा फरक पडतो, परंतु किती वेळा आणि किती मात्रेत सेवन झाले याचा प्रभाव त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. एका प्रसंगात 20 मिलिग्रॅम घेतलेल्या स्थूल माणसाची गणना रोज घेणाऱ्यांत होत नाही.

पाण्याने टीएचसी धुऊन निघत नाही. त्याचे अवशेष सुमारे दोन तृतीयांश विष्ठेवाटे जातात, लघवीवाटे पाचवा हिस्सा जातो, आणि चरबीत बसलेला साठा पाण्याला दाद देत नाही. पाण्याने फक्त लघवी पातळ होते. ते आम्हाला लगेच कळते, कारण नमुन्यासोबत क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन लघवीत उतरणारा टाकाऊ पदार्थ) आणि विशिष्ट गुरुत्वही (लघवी पाण्याच्या किती पट दाट आहे तेही) मोजले जाते. एका डेसिलिटरला क्रिएटिनिन 20 मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व 1.003 च्या खाली आले, की अहवालावर ‘पातळ नमुना’ अशी नोंद होते, बऱ्याचदा पुन्हा बोलावणे येते आणि ज्याच्याविषयी एरवी कोणाला शंका आली नसती त्याच्याविषयी ती येते. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे, बस. थोड्या वेळात अति पाणी पिण्याने रक्तातील सोडियम घसरते आणि ते जिवावरही बेतू शकते, म्हणून हे त्याला आजच सांगा.

लाळेच्या चाचणीविषयी आपण विचारले नाही, तरी सांगते. लाळेतील टीएचसी मुख्यतः तोंडाला प्रत्यक्ष लागलेल्या पदार्थातून येते, रक्तातून फारसे नाही, त्यामुळे चॉकलेटनंतर तिथे ते तुलनेने कमी काळ दिसते. रक्तातही कधीतरी घेणाऱ्याचे टीएचसी एक-दोन दिवसांत मोजण्याजोग्या पातळीखाली जाते. आपल्या भावाने खाल्ल्याला आठवडा उलटून गेला असेल आणि मधल्या काळात पुन्हा काही घेतले नसेल, तर 50 च्या मर्यादेवर नमुना नकारात्मक येण्याचीच शक्यता बरीच जास्त आहे. तपासणीच्या वेळी सेवनाबद्दल प्रश्न विचारला गेला तर त्याने खरे तेच सांगावे. सध्या चालू असलेली औषधेही अर्जात नोंदवावीत, कारण काही औषधांमुळे प्राथमिक चाचणी चुकून सकारात्मक येते. तसे झाल्यास खात्रीची चाचणी झाल्याशिवाय अहवाल अंतिम मानू नये, ही मागणी त्याने लेखी करावी.