मराठवाडा नेमका कोणत्या छायेत? 'उपच्छाया' शब्दावरून पेटलेला वाद

निवृत्त भूगोल शिक्षक, परभणी

मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने येथे आलेल्या टिपणात 'मराठवाडा 1948 पासून विकासाच्या उपछायेच्या गर्द अंधारात खितपत पडला आहे' असे वाक्य आहे, आणि त्याखाली 'अगदी खरे' म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. मला मात्र ते वाचून रात्री झोप लागली नाही. उपच्छायेत गर्द अंधार नसतो. तो असतो प्रच्छायेत. सूर्य हा ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. ती पूर्ण झाकली जाते तेथे प्रच्छाया आणि थोडीच झाकली जाते तेथे उपच्छाया, एवढे आठवीच्या मुलालाही समजते. समजत नसेल तर भर दुपारी रस्त्यावरच्या विजेच्या तारेखाली उभे राहावे. तार दोन सेंटिमीटर जाडीची धरली, तर तिची गडद सावली दोन मीटरांच्या थोडे पुढे जाऊन संपते. तार आठ मीटर उंचीवर असल्याने जमिनीपर्यंत पोहोचते ती केवळ फिकट, कडा विरलेली रेघ. उंचावर तरंगणाऱ्या घारीची सावली अंगणात का पडत नाही, याचेही कारण हेच आहे. तेव्हा मराठवाड्याला काहीच मिळाले नाही असे म्हणायचे असेल तर प्रच्छाया म्हणा, आणि थोडे मिळाले असे म्हणायचे असेल तर 'गर्द अंधार' खोडा. आणखी एक. शब्द 'उपच्छाया' असा आहे. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की आधी च् येतो. परिच्छेद आणि विच्छेद लिहिताना तो आठवतो, मग येथेच का विसरला जातो?

मूळ टिपणकार, हिंगोली

सर, 'गर्द अंधार' हे शब्द मागे घेतो. ते उत्साहाच्या भरात आले. 'उपच्छाया' मात्र मागे घेणार नाही, कारण तो मी विचारपूर्वक वापरला होता. आमच्यापर्यंत प्रकाश येतच नाही असे माझे म्हणणे नाही. तो अर्धवट येतो आणि कोणीतरी मध्ये उभे असल्यामुळे अर्धवट येतो, हीच तर आमची तक्रार आहे. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासातील तूट, म्हणजे अनुशेष, मोजून दाखवला, 1994 मध्ये तो भरून काढण्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. ज्याला पूर्ण अंधार असतो त्याच्यासाठी निदान कंदील तरी आणला जातो. अर्ध्या उजेडात बसलेल्याला 'तुम्हाला दिसतेय ना?' एवढेच विचारले जाते. आणि च् वरून आपण जो पाणउतारा केलात, तोच आपल्या क्रमिक पुस्तकातील 'पर्जन्यछाये'चा कधी केलात का?

वकील, लातूर

शब्द आकाशातून खाली उतरवला म्हणून तो बाटत नाही. 1965 मधील ग्रिसवोल्ड विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अमेरिकेच्या संविधानात स्पष्ट न लिहिलेला खासगीपणाचा हक्क लिखित हक्कांच्या उपच्छायांमध्ये शोधला. त्यांना ग्रहण पाहायचे नव्हते. विवाहित जोडप्याच्या घरात पोलिसांनी डोकावू नये, एवढेच त्यांना सांगायचे होते.

निवृत्त भूगोल शिक्षक, परभणी

ताई, त्याच खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅक आणि स्टुअर्ट यांनी असहमती नोंदवली होती, हे आपण सोयीस्करपणे वगळले. धूसर शब्दाच्या आधारे हक्क उभा केला की तो पाडणाऱ्यालाही त्याच धूसरपणाचा आधार मिळतो. आमच्याकडे 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा थेट मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. त्यासाठी उपच्छायेवर विसंबून राहावे लागले नाही.

आकाशनिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

सरांना शब्दाच्या शुद्धतेची एवढी चाड आहे, म्हणून एक सांगतो. सूर्यावरील डागाच्या काळ्या गाभ्याभोवती जो करडा, तंतुमय पट्टा दिसतो, त्यालाही खगोलशास्त्रज्ञ उपच्छायाच म्हणतात. तेथे कोणाचीही सावली पडलेली नसते. चुंबकीय क्षेत्रामुळे तो भाग आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा थंड असतो, एवढेच. याच पट्ट्यातून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे जॉन एव्हरशेड यांनी 1909 मध्ये आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेतून शोधले. केप्लरने 1604 मध्ये लॅटिनमधील 'जवळजवळ' आणि 'सावली' या शब्दांची सांगड घालून उपच्छायेसाठीचा 'पेनम्ब्रा' हा मूळ शब्द घडवला, आणि पुढे खुद्द खगोलवाल्यांनीच तो लाक्षणिक केला. मग हिंगोलीकरांवरच छडी का?

गृहिणी, धाराशिव

शब्दांच्या या खेळाची किंमत कोणाला मोजावी लागते ते मी सांगते. 5 मे 2023 रोजी, वैशाख पौर्णिमेला, छायाकल्प चंद्रग्रहण होते. चंद्र केवळ उपच्छायेतून जाणार असल्याने वेध पाळायचे नाहीत, असे पंचांगकर्त्यांनीच सांगितले होते. तरीही आमच्या घरात 'ग्रहण' हा एकच शब्द ऐकू आला, आणि सातव्या महिन्यातील माझ्या धाकट्या बहिणीला पावणेनऊपासून एक वाजेपर्यंत घोटभर पाणीही मिळाले नाही. मी गच्चीवर जाऊन पाहिले. चंद्र होता तसाच होता, फार तर किंचित मळलेला. त्यामुळे सरांचा काटेकोरपणा मला जाचक वाटत नाही. त्या रात्री आमच्या सासूबाईंना तो कोणी शिकवला असता तर फार बरे झाले असते.

आष्टीकर

आपण सगळे आकाशात फिरत आहात. आमची सावली डोंगराची आहे. नैर्ऋत्येचे ढग सह्याद्री चढताना महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस टाकतात, आणि उतरणीला लागलेली कोरडी हवा आमच्या वाट्याला येते. पर्जन्यछाया हा शब्द आम्ही पाठ केलेला नाही, भोगलेला आहे. आमच्या वडिलांनी तीन बोअर पाडले, तिन्ही कोरडे गेले, आणि दिवाळीनंतर घरचे सगळे कोयता घेऊन ऊसतोडीला निघून गेले. टिपणकारांचे हिंगोली आणि बीड जिल्ह्यातील आमची आष्टी एकाच छायेत आहेत असे म्हणणाऱ्याने एकदा मे महिन्यात येथे येऊन चार दिवस टँकरची वाट पाहावी.

किनवटकर

दुष्काळाची मक्तेदारी आष्टीकडे कोणी दिली? मराठवाड्याची पावसाळी सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. नांदेड जिल्ह्यातील आमच्या किनवट-माहूरकडे हजाराच्या घरात पाऊस पडतो, हे मान्य. पण तो पडला की पैनगंगा शेते खरवडून नेते आणि उन्हाळ्यात तांड्यावर हंडे तसेच रिकामे असतात. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते लातूरला, आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही तहानलेले नव्हतो असा अर्थ होतो का?

आष्टीकर

म्हणजे हजार मिलिमीटरवाल्यांनी आमच्यापुढे रडावे! धन्य आहे.

आकाशनिरीक्षक, छत्रपती संभाजीनगर

आपण दोघे भांडता भांडता सरांचाच धडा गिरवत आहात. सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात छाया सर्वांत दाट. पूर्वेकडे नांदेडपर्यंत जावे तशी ती विरळ होत जाते, कारण तिकडे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचाही पाऊस मिळतो. आष्टी प्रच्छायेत आणि किनवट उपच्छायेच्या कडेला, असा नकाशा सहज काढता येईल.

निवृत्त भूगोल शिक्षक, परभणी

तीस वर्षे मी फळ्यावर सह्याद्री काढून त्याच्या पूर्वेला एकसारख्या तिरक्या रेघा मारल्या आणि सगळा मराठवाडा त्यांत बसवला. विद्यार्थ्यांनी तसाच तो वहीत उतरवला आणि मी त्यांना पूर्ण गुण दिले. पूर्वेकडे रेघा विरळ करायला हव्या होत्या, हे आज किनवटकरांच्या हंड्यावरून आणि आष्टीकरांच्या बोअरवरून शिकावे लागले. या वयात एवढा गृहपाठ पुरे. टिपणकारांनी 'उपच्छाया' खुशाल ठेवावी. मात्र च् घालून.

मूळ टिपणकार, हिंगोली

च् घातला आहे. 'गर्द अंधार' खोडला आहे. 'खितपत' मात्र राहू द्यावे, सर. आज सकाळपासून आमच्याकडे वीज नाही.