अकरावीपूर्वी गणित-विज्ञानाची उजळणी कोठून सुरू करावी?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान शाखेत जात आहे. तिला सूत्रे पाठ आहेत, परंतु गतीविषयक उदाहरणांत नेमके कोणते सूत्र वापरावे, हे तिला उमगत नाही.

उत्तर १ : सूत्रे बाजूला ठेवून तिला वेग-काल आलेख काढायला सांगावे. वेग ३ सेकंदांत ४ मी/से वरून एकसमान त्वरणाने १० मी/से झाला, तर आलेखाखाली समलंब चौकोन तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ, म्हणजेच ½ × (४ + १०) × ३ = २१ मीटर, हेच विस्थापन असते. रेषेचा चढ २ मी/से² हे त्वरण देतो. भूमिती आणि भौतिकशास्त्र येथे एकच होतात, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते.

उत्तर २ : सहमत आहे. मात्र माध्यम बदलणार असल्यास ‘त्वरण’ म्हणजे ‘ॲक्सलरेशन’, ‘संवेग’ म्हणजे ‘मोमेंटम’, अशी वही आताच करावी. माझी खरी अडचण शब्दांचीच होती.

प्रश्नकर्ता : त्रिकोणमितीचे काय?

उत्तर १ : समभुज त्रिकोण शिरोलंबाने दुभागावा; साइन ३०° = ½ का, हे डोळ्यांनीच दिसते.