आईचा हात खांद्याजवळ मोडलाय: प्लेट, सांधाबदल की नुसती झोळी?

देवगडकर_मुंबई
आई, वय ७१. मागल्या दारी वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि शेवाळ धरलेल्या चिऱ्यावरून घसरली. डावा हात अंगाखाली आला. कणकवलीला सीटी स्कॅन केला, रिपोर्टात 'थ्री पार्ट' लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात प्लेट टाकू, दुसरे म्हणतात सांधाच बदलू, तोही 'रिव्हर्स'. शेजारचे काका हाडवैद्याचं नाव घेऊन बसलेत, ते मी कानाआड केलं. आईचं एकच: "कापाकाप नको, गणपतीत मोदक वळता आले की झालं." साखर आहे. बोटं हलतात, पण काळंनिळं कोपरापर्यंत उतरलंय. रिव्हर्स म्हणजे उलटं काय करतात? आणि काहीच न करता चालतं का?

कुडाळचा_हाडवाला
फिल्म न बघता निर्णय देणार नाही, पण समजावतो. काळंनिळं खाली उतरतंच, त्याला घाबरू नका. 'पार्ट' म्हणजे नुसते तुकडे नव्हेत. दंडाच्या हाडाच्या टोकाचा गोळा, त्याच्या बाजूचे दोन उंचवटे आणि खालचा दांडा असे चार भाग धरतात. त्यातला जो १ सेंटीमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त कलला, तोच वेगळा मोजायचा. ही अमेरिकेतले सर्जन नीर यांची १९७० ची पद्धत. एकच फिल्म दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात, हे आमच्यात नेहमीचं.

लॉकिंग प्लेटचे स्क्रू प्लेटमध्येच आटे धरून बसतात, म्हणून ठिसूळ हाडात जुन्या प्लेटपेक्षा बऱ्या. तरी गोळा आतून पोकळ असला तर तो खचतो आणि स्क्रूची टोकं सांध्यात निघतात. मग दुसरं ऑपरेशन. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर तो पुढे सुकतो, तो धोका वेगळाच.

रिव्हर्समध्ये गोळा फऱ्यावर बसवतात आणि वाटी दंडावर, निसर्गाच्या बरोबर उलट. फ्रान्सच्या ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना रुजवली. खांद्याचे आतले स्नायू कामातून गेले तरी वरचा डेल्टॉइड हा मोठा स्नायू हात उचलतो. त्याची नस मात्र शाबूत हवी. आजच दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला हलकं बोट फिरवा आणि बधिर लागतं का विचारा.

आता झोळी. ब्रिटनमधला 'प्रोफर' अभ्यास २०१५ साली आला: हाड सरकलेले २५० रुग्ण, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना झोळी. दोन वर्षांनी हाताच्या वापरात म्हणावा असा फरक नव्हता. सांधा निखळलेले रुग्ण मात्र त्यात नव्हते. सांधा निखळला असेल, गोळाच चिरला असेल किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल तर हा हिशेब लागू नाही. तसं काही नसेल तर माझा कल आईच्या बाजूने. मोदक वळायला हात डोक्यावर न्यावा लागत नाही. अंबाडा घालायला लागतो. तेवढं तिला विचारा.

मालवणी_झील
माझ्या बापाशीचो खांदो रिव्हर्स केलो. फळीवरचो डबो आरामात काढता. पण हात पाठीमागे जाणा नाय, धोतराचो कासोटो खोचूक आवशीक हाक मारूक लागता. ह्या आधी कोण सांगणा नाय, म्हणान लिवतंय.

रत्नागिरी_फिजिओ
झोळी घ्या वा ऑपरेशन करा, बोटं आणि मनगट आजपासून हलवत राहायचं. डॉक्टरांनी होकार दिला की पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलके झोके द्यायचे. महिनाभर बांधून ठेवलात तर हाड जुळेल आणि खांदा जाम होईल. रात्री आडवं झोपवू नका, पाठीला उशा लावून अर्धवट बसवा. आपल्याकडच्या दमट हवेत काख भिजून कुजते. सुती पंचाची घडी ठेवा, दिवसातून दोनदा बदला. साखर असताना हे टाळू नका.

देवगडकर_मुंबई
बधिर नाही, बोट लागलेलं कळतं. सांधाही निखळलेला नाही, फोन करून विचारलं. अंबाड्याचं विचारलं तर म्हणाली, "सून घालील." सूनबाई मुंबईत. ठिसूळपणाचं औषध कोणाकडून घ्यायचं, हाडाच्या की साखरेच्या डॉक्टरांकडून?

कुडाळचा_हाडवाला
हाडाच्याच डॉक्टरांकडे आत्ता विषय काढा. ड जीवनसत्त्व तपासा, जमल्यास डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी, करा. अशा साध्या पडण्याने खांदा मोडला की पुढची भीती खुब्याची. एका आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढा. तुकडे आणखी सरकले असतील तर ऑपरेशनचा विचार तेव्हाही करता येतो, पण फार लांबवू नका.