मन प्रसन्न ठेवायला नेमकं काय करता? अनुभव लिहा

आनंद म्हणजे काय, यावर काथ्याकूट पुष्कळ झालाय. इथे फक्त करून पाहिलेलं लिहा: काय करायचं, किती वेळ, आणि कुठे फसतं.

*

रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी वहीत लिहायच्या. प्रत्येकीपुढे ती का घडली, तेही एका ओळीत. हा 'का' गाळला की उरते नुसती वाणसामानाची यादी. 'घरचे चांगले आहेत' असलं गुळमुळीत चालत नाही. 'ताईने न सांगता औषधं आणून ठेवली' असं नेमकं हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या प्रयोगात लोकांनी हे आठवडाभर केलं. फरक सहा महिन्यांनीही दिसत होता, विशेषतः ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांच्यात.

*

वहीबद्दल थोडी असहमती. रोज लिहिलं की लवकरच तेच ते येऊ लागतं आणि हात यंत्रासारखा चालतो. आठवड्याचा एक वार धरा, चार-पाच नोंदी पुरे.

*

नव्या वस्तूचं अप्रूप ओसरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घर घेताना कुणाच्या लक्षात राहत नाही. जादा खोलीची सवय होते. रहदारीत अडकण्याची होत नाही, कारण ती रोज वेगळ्या जागी अडकवते. म्हणून आधी कामाच्या ठिकाणापर्यंतची मिनिटं मोजा, तीही ऐन गर्दीच्या वेळी. रविवारी मोजलीत तर फसलात.

*

झोप नीट नसेल तर वरचं सगळं फोल. उठायची वेळ एकच ठेवा, सुट्टीलाही. साधारण 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा, पेंग आली की परत आडवे व्हा. घड्याळाचं तोंड भिंतीकडे. झोप भरून काढायला लवकर अंथरुणात शिरणं हीच मोठी चूक: तिथे जागं पडून राहायची सवय लागते.

*

दोन आठवडे सलग कशातच मन रमत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तो सवयींचा प्रश्न नाही.

*

'भेटू कधीतरी' म्हणजे भेटत नाही. निरोप घेण्याआधी पुढची तारीख ठरवायची, तिथल्या तिथे. आणि भेटीला काहीतरी काम जोडा, चालायला जाणं किंवा मिळून स्वयंपाक. नुसत्या गप्पांचा बेत आधी रद्द होतो.