चौदा जणांसाठी समुद्रकाठचा मोठा बंगला आणि भरपूर चालणं : अलिबाग की आणखी खाली?

निळीशाई

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. आम्ही भावंडं, आमची बिऱ्हाडं, आत्या आणि काका असे मिळून चौदा जण. हॉटेलात चार मजल्यांवर विखुरलेल्या खोल्या नकोत. एकच ऐसपैस, सगळ्या सोयींचा बंगला हवाय, उठलं की थेट वाळूवर उतरता येईल असा. पैसे थोडे जास्त गेले तरी हरकत नाही, असा योग पुन्हा कधी येणार?

बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, रोज चालतात. त्यांची मागणी एकच : सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या कडेने लांबवर चालायला मिळालं पाहिजे. आईचे गुडघे दुखतात, तिला जिने जमत नाहीत. दोन मुलं सात-आठ वर्षांची. अर्धे मुंबईचे, अर्धे पुण्याचे. २४ ते २६ जानेवारी २०२६ ही जोडून सुट्टी डोळ्यांसमोर आहे. किहीम, आवास, नागावचे बंगले बघून झालेत, फोटोंत सगळे सारखेच दिसतात. एकाने वेंगुर्ल्याकडचं भोगवे सुचवलंय. कोणी अशा मोठ्या गोतावळ्यासह राहिलं असेल तर मनापासून सांगा.

माडाचीवाडी

भोगवे माझं माहेर, त्यामुळे माझं मत तिकडेच झुकणार. कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे उभं राहिलं की पलीकडे देवबागचं टोक दिसतं. तिथून दक्षिणेला चालत सुटलात तर किनारा संपतो तिथे निवतीच्या किल्ल्याची टेकडी. वर गेलात की अख्खा भोगव्याचा किनारा पायाखाली. मुंबईसारखा पाण्याचा मोठा चढउतारही इकडे नसतो, त्यामुळे दिवसभरात कधीही चाला.

पण तीन दिवसांसाठी येऊ नका. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे परुळ्यावरून गाडी. पुण्याच्या मंडळींचा तर येण्याजाण्यातच जीव जाईल. पाच-सहा दिवस असतील तरच, आणि मग मात्र दुसरीकडे कुठेही जाऊ नका.

सुरूचं_बन

तीन दिवस, वयस्कर माणसं आणि दोन शहरं म्हटल्यावर अलिबागच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट तासाभरात मांडवा, तिथून आवास-किहीम अर्ध्या तासाच्या आत. आईंना गाडीत अवघडून बसावं लागणार नाही. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांच्या जागा भराभर भरतात, तेव्हा बंगल्याच्या आधी रो-रोचं बघा. पुणेकर खोपोली-पेणवरून येतील. वडखळच्या आसपास गर्दी लागते, म्हणून पहाटेच निघा.

बंगल्याबद्दल. जाहिरातीतल्या 'सी व्ह्यू'वर विसंबू नका. गच्चीच्या कोपऱ्यातून माडांच्या फटीत पाणी दिसलं तरी तो 'सी व्ह्यू' होतो. बंगल्याच्या कुंपणाला वाळूकडे उघडणारं फाटक आहे का, तेवढंच विचारा. आणि दलालाला नाही, तिथे राहणाऱ्या केअरटेकरला फोन करून विचारा. ओहोटीच्या वेळी फाटकातून पाण्यापर्यंत चालत जाऊन व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. इथे एकाच किनाऱ्यावर पन्नास पावलांत वाळूचा खडक होतो आणि खडकाचा चिखल. भरतीच्या फोटोत हे काहीच दिसत नाही.

बाकी : तळमजल्यावर संडास-बाथरूम जोडलेली निदान दोन बेडरूम, पाणी गोडं की बोअरचं मचूळ, जनरेटर सगळ्या एसींना पुरतो की नुसत्या दिव्यांना, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय, पूलला कुंपण आणि उथळ भाग. मुलं सात वर्षांची आहेत म्हणताय, त्यामुळे पूलचं उत्तर समाधानकारक नसेल तर तो बंगला सोडून द्या, बाकी कितीही देखणा असो.

चालायला किहीमहून उत्तरेला आवासच्या दिशेने जा. डावीकडे समुद्र, उजवीकडे सुरू आणि माड, मधूनमधून खडक. खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अनवाणी जाऊ नका, विशेषतः मुलांना जाऊ देऊ नका. नागावला सुट्टीत वॉटर स्पोर्ट्स आणि गाड्यांची रीघ असते, बाबांना तिथे करमणार नाही. उत्तरेचं अक्षी त्या मानाने शांत आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात. दुर्बीण असेल तर आणा.

खारेवारे

वरचं सगळं बरोबर आहे, पण तुमची खरी अडचण तारखेची आहे. त्याच्याशी बंगल्याचा काही संबंध नाही.

२५ जानेवारीला रथसप्तमी, २६ला अष्टमी. आमच्याकडे दर्यावर जाणारी माणसं साधा हिशेब करतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पहाटे तेवढी आणि संध्याकाळीही साधारण तेवढीच, पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे. म्हणजे बाबा बूट घालून बाहेर पडतील तेव्हा दोन्ही वेळा पाणी वर आलेलं. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, उधाणाची नाही, त्यामुळे किनारा पूर्ण बुडणार नाही. पण चालायला हवी ती ओली, घट्ट वाळू पाण्याखाली असेल. वर उरते ती भुसभुशीत, त्यात पाय रुततात. शहात्तरीतल्या माणसाला अर्ध्या किलोमीटरमध्ये दम लागेल आणि आईंच्या गुडघ्यांना तर ती नकोच. खडकांची टोकं ओलांडून पुढे जाणंही जमणार नाही. ओहोटी लागेल भर दुपारी, उन्हात.

एक आठवडा पुढे ढकला. १ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा. पंधरा तिथीची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि पुन्हा संध्याकाळी तेवढ्यालाच. शनिवारी याच्या पाऊणएक तास आधी, सोमवारी तेवढीच उशिरा. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप आत जातं आणि अलिबागकडे तर मैदानच उघडं पडतं. साडेसहाला बाहेर पडलात तरी घट्ट वाळू भरपूर मिळेल. सोमवारी पहाटे नक्की उठा. पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरत असतो आणि त्याच वेळी मागे माडांच्या वर उजाडत असतं. ओल्या वाळूत दोन्ही उजेड एकत्र दिसतात. मी हे कितीदा पाहिलंय, तरी पाय थांबतातच. शिवाय जोडून सुट्टी नसल्याने भाडंही बरंच उतरेल.

रविवारी दुपारी कुलाबा किल्ला करा. ओहोटीला चालत जाता येतं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी किनाऱ्यावर घोडागाड्या असतात. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, नंतरच्या तासाभरात परत या. घोडागाडीवाला 'आता निघा' म्हणाला की निघायचं, फोटो राहिले तरी चालतील. पाणी पुढून येत नाही, दोन्ही बाजूंनी वळून येतं आणि ते कळेपर्यंत गुडघ्याला लागलेलं असतं. हा पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, निघायच्या आदल्या दिवशी छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

निळीशाई

खारेवारे, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाऊणपटी करत बसले. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी नक्की केलं, मुलांची सोमवारची शाळा बुडेल.

सुरूचं_बन, केअरटेकरकडून व्हिडिओ मागवायचं लगेच केलं. तीनपैकी एका बंगल्यासमोर नुसता काळा खडक निघाला, तोच सगळ्यात महाग होता. आता किहीमचा एक ठरत आलाय : वाळूकडे फाटक, खाली दोन खोल्या, पूलला जाळी. जेवणाचं काय करावं? आत्या शाकाहारी, बाकीच्यांना मासे हवेत.

सुरूचं_बन

गावातल्या एखाद्या खानावळवाल्या मावशींना केअरटेकरमार्फत सांगा. सकाळी घावणे, दुपारी दोन्ही प्रकारची ताटं करून देतात. बंगल्याच्या स्वयंपाकघरात शाकाहारी भांडी वेगळी असतील असं गृहीत धरू नका, आत्यांसाठी दोन पातेली घरून न्या.

एका रात्री मात्र पोपटी लावाच, ऐन हंगाम आहे. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा थेंब टाकून बघतात, चर्र आवाज झाला की झाली. आत्यांसाठी नुसत्या शेंगा-बटाट्यांचं वेगळं मडकं लावा. पाला गोळा करून आणावा लागतो, म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवा. आणि जाळ अंगणात करायला मालकाची परवानगी आहे का, तेही पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या.